दराची रेघ

दिवाळी सरली की मावळात भाताला वास सुटतो. आंबेमोहोर कापायला आला की तो वास शिवारात मावत नाही. तो रस्त्यावर येतो, घरात येतो, गाडीने मळवली स्टेशन सोडलं की डब्यात डुलक्या घेणाऱ्या माणसालाही जागं करतो. मुंबईहून हवा खायला येणारी मंडळी खिडकीतून मान बाहेर काढून म्हणतात, काय सुंदर वास आहे. मी मावळातल्या शाळांतून सगळी नोकरी काढली आणि आता तळेगावात स्वस्थ बसलो आहे. मला मात्र हा वास आला की तोंड कडू होतं. घरातले म्हणतात, पित्त असेल. मी सुंठ चघळतो.

यंदा त्या वासाबरोबरच पुण्याहून दोन तरुण माझ्याकडे आले. अंगावर स्वच्छ खादी, बोलणं अदबीचं. त्यांनी एक मंडळ काढलं आहे. खेड्यातल्या शाळांतून मुलांना अर्थशास्त्र शिकवायचं, त्यासाठी कॉलेजातले विद्यार्थी सुटीच्या दिवशी विनावेतन जाणार, खर्चाला देणगीदार मिळाले आहेत. असा वर्ग पूर्वी औंढ्याच्या शाळेत चालला होता आणि मी तिथे मास्तर होतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. अनुभवाचे चार शब्द हवे होते. मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "तुमचे देणगीदार काय विकतात?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मी प्रश्न पुन्हा विचारला नाही. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून ते उठले. फाटकाशी एकाने दुसऱ्याला हळूच काही सांगितलं. म्हातारा भ्रमला आहे असंच काहीतरी असणार.

औंढं लोणावळ्याला लागूनच आहे. पण लोणावळ्यात दिवे, बंगले, स्टेशन, आगगाडीच्या शिट्ट्या, आणि औंढ्यात भात. पावसाळ्यात शाळेच्या दारापर्यंत खाचरांचं पाणी यायचं. सुगीत मुलं शाळेत कमी आणि खळ्यावर जास्त. सकाळी धुक्यात बायका वाकून कापत असायच्या तेव्हा त्या दिसायच्या नाहीत, नुसता विळ्यांचा आवाज यायचा. दुपारी खळ्यावर पेंढ्या झोडत, आणि उडालेलं कुसळ मुलांच्या मानेत जाऊन बसायचं. वर्गात सगळी मुलं मान खाजवत गणितं करायची.

ही गोष्ट दुसऱ्या लढाईच्या आधीची, मंदीच्या दिवसांतली. लोणावळ्याजवळ तुंगार्लीला अण्णासाहेब नावाच्या गृहस्थांचा बंगला होता. मुंबईत त्यांचा धान्याचा मोठा व्यापार. उन्हाळ्यात आणि दिवाळीत ते इथे राहायला येत. माणूस सभ्य, मराठी वाचनाची आवड, बोलणं कधी चढलं नाही. खेड्यातल्या मुलांना पैशाचं शास्त्र कळत नाही म्हणून खेडी मागे राहतात, असं त्यांचं मत होतं. त्यांनी आमच्या शाळेला देणगी देऊ केली: एक वर्ग चालवा, पुण्याहून शिकवायला कुणी आणा, जाण्यायेण्याचा खर्च मी देईन, फळा, नकाशा, तराजू, पुस्तकं सगळं देईन. मुलांना काटकसर शिकवा, एवढीच त्यांची इच्छा होती. गरिबाला अर्थशास्त्र शिकवायचं ठरलं की लोकांना आधी काटकसर आठवते. ज्याच्या घरात उधळायला काही नाही, त्याला उधळू नको म्हणून सांगायचं. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. नवा फळा मिळतो आहे याचाच आनंद होता.

शिकवायला आल्या त्या इंदूताई सोहोनी. पुण्यात अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झालेल्या, लग्न व्हायचं होतं. दर शनिवारी पुण्याहून लोकलने यायच्या, लोणावळ्याहून चालत औंढ्याला. पगार घेत नसत. पायात पुणेरी चपला, त्या चिखलात रुतायच्या, मग हातात घेऊन यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी काटकसरीचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि मुलांना विचारलं, तुमच्या घरात तांदूळ कधी विकतात? सगळी मुलं म्हणाली, मळणी झाली की. त्यांनी विचारलं, आणि विकत कधी घेता? मुलं हसली. थोड्या वेळाने एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "श्रावणात घेतो की बाई, घरातला संपला की."

ती हरिभाऊंची तुळसा. हरिभाऊ गावातले जाणते शेतकरी, नदीकाठची चांगली जमीन, कुणाचं देणं नाही, चार माणसं सल्ल्याला येणार. आई नसलेली एकुलती मुलगी म्हणून त्यांनी तुळसाला मराठी पाचवीपर्यंत येऊ दिलं होतं. त्या वेळी औंढ्यात ही मोठी गोष्ट होती. मुलगी बोलायची कमी. हात मात्र इतका स्थिर की नकाशे काढायला मी तिलाच सांगायचो.

इंदूताईंनी वर्षभर एकच धडा चालवला असं म्हटलं तरी चालेल. दर बाजाराच्या दिवशी मुलांनी लोणावळ्यात जायचं, तांदळाचा भाव विचारून यायचा, आणि शाळेच्या आतल्या भिंतीवर एक ठिपका द्यायचा. ठिपके जोडून रेघ. ते काम तुळसाकडे आलं. गेरूत बोरूची काडी बुडवून ती भिंतीपाशी उभी राहायची आणि श्वास रोखून रेघ पुढे न्यायची. मार्गशीर्षात रेघ खाली होती. फाल्गुनात जराशी उठली. चैत्र-वैशाखात चढत गेली आणि श्रावणात तुळसाला पाटावर उभं राहावं लागलं. मी इतकी वर्षं मुलांना व्याजाची आणि नळांच्या हौदाची गणितं घालत होतो. स्वतःच्या ताटातल्या भाताकडे बघून मुलं असे डोळे मोठे करतील, हे मला कधी सुचलं नव्हतं. ते वर्ष माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं होतं, हे मी आजही नाकारत नाही.

भाद्रपदात शाळेची कौलं गळत होती म्हणून हरिभाऊ दोन माणसं घेऊन आले. काम झाल्यावर त्यांची नजर भिंतीवर गेली. हे काय म्हणून त्यांनी विचारलं. तुळसाने बापाला सगळं समजावून दिलं. हरिभाऊ रेघेजवळ गेले. मग त्यांनी खालच्या टोकावर बोट ठेवलं.

"म्हंजी ही हितं खाली असती तवाच आमी इकतो व्हय?"

तुळसा हो म्हणाली. हरिभाऊंनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि शिडी उचलून गेले.

त्यानंतर गावात दुसरा विषय नव्हता. संध्याकाळी देवळात माणसं जमत आणि हरिभाऊ सांगत की यंदा मळणी झाल्याबरोबर व्यापाऱ्याच्या गाडीत भात भरायचं नाही, कणग्यांत ठेवायचं, चैत्रात विकायचं. शनिवारी माणसं इंदूताईंची वाट अडवून त्यांना विचारायची. त्या म्हणायच्या, गेल्या वर्षी असं झालं, बहुतेक वर्षी असंच होतं. लोकांनी त्यातलं 'बहुतेक' ऐकलं नाही, आणि इंदूताईंनी ते मोठ्याने म्हटलंही नाही. त्यांचा चेहरा त्या दिवसांत उजळला होता. परत स्टेशनावर जाताना त्या मला म्हणाल्या होत्या, मास्तर, शिकवल्याचं इतकं लवकर फळ मी पुण्यात कधी पाहिलं नाही.

मग ती सुगी आली.

त्या वर्षीसारखं पीक मी पुढे पाहिलं नाही. उन्हं स्वच्छ, धुकं वेळेवर, अवकाळी पाऊस नाही. रास पडली की तिच्यावर कोवळं ऊन पडायचं. माणसं खळ्यावर रात्रीची राखण करायला जायची तेव्हा गाणी म्हणत जायची. व्यापाऱ्यांच्या बैलगाड्या नेहमीप्रमाणे आल्या आणि रिकाम्या परत गेल्या. घराघरात शेणाने सारवलेल्या कणग्या गळ्यापर्यंत भरल्या. मैनामावशी म्हणून एक विधवा बाई होती, तिची एवढीशी जमीन. तिला मीठमिरचीपुरते पैसे दर वर्षी या भातातूनच यायचे. ती कचरत होती. हरिभाऊंनी तिला सांगितलं, मावशी, चार महिने कड काढ, तुझं मी बघतो. तिनेही ठेवलं. मुलं शाळेत येऊन सांगायची, आमच्या घरात कणगीमुळे निजायला जागा नाही. आम्ही सगळे हसायचो. त्या हसण्याची आठवण मला भाताच्या वासापेक्षा जास्त छळते.

पौषात दर जरासा चढला. तुळसाने ठिपका दिला आणि माझ्याकडे वळून बघितलं. माघाच्या सुरुवातीला एका शनिवारी मी इंदूताईंना घ्यायला स्टेशनावर गेलो होतो. मालधक्क्यावर मालगाडीची एक वाघीण उभी होती आणि हमाल पोती उतरवत होते. पोत्यांवर बाहेरदेशीचे शिक्के. एक पोतं फुटलं होतं, खाली जाड पांढरा तांदूळ सांडला होता, त्याला कसलाच वास नव्हता. मी विचारलं तेव्हा हमाल म्हणाला, रंगूनचा आहे, मुंबईच्या बंदरात ढीग लागलाय, आता हाच येणार, स्वस्त आहे. आमच्या मागे इंदूताई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी वाकून चार दाणे उचलले आणि मुठीत धरले. औंढ्यापर्यंत ती मूठ त्यांनी उघडली नाही.

पुढच्या बाजारी दर उतरला. त्याच्या पुढच्या बाजारी आणखी उतरला. रेल्वेचे कामगार, खानावळी, बंगल्यांतले नोकर, सगळे रंगूनचा तांदूळ घेऊ लागले. आंबेमोहोर खाणारे बंगलेवालेसुद्धा म्हणायला लागले, तो एवढा स्वस्त असताना तुम्ही एवढे कसे मागता? तुळसाची रेघ गेल्या वर्षीच्या रेघेच्या खाली गेली. पाटावर चढण्याऐवजी ती आता गुडघ्यावर बसून ठिपका द्यायची. शेतसाऱ्याची वेळ आली. तलाठी दारात बसला. रंगूनचा तांदूळ उद्या बंद होईल म्हणून कुणाला थांबता आलं नाही. शिमग्याच्या आधी सगळ्या कणग्या रिकाम्या झाल्या, आणि सुगीत जे मिळालं असतं त्याच्या निम्म्यानेही कुणाच्या हातात पडलं नाही. मैनामावशीने वर्षभर नाचणीवर दिवस काढले. हरिभाऊंनी तिचं बघितलं नाही, कारण त्यांचंच बघायला कुणी नव्हतं.

गावाला रंगून कुठे आहे हे माहीत नव्हतं. गावाला शाळेची भिंत माहीत होती. बोलणं सुरू झालं की रेघ चुकली. पाण्यावर मैनामावशीने तुळसाची घागर बाजूला सारली आणि तिला म्हणाली, "तुज्या रेघंनं माजं भात खाल्लं गं." हे मला दुसऱ्या मुलींनी सांगितलं. तुळसा दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी हरिभाऊ आले. बसा म्हटलं, बसले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले की उद्यापासून तुळसा येणार नाही. मी पुष्कळ समजावलं, त्यात मुलीचा काय दोष म्हणून विचारलं. हरिभाऊ भिंतीकडे बघायलाही तयार नव्हते.

"मास्तर, चार मान्सं माज्या सबदावर थांबली. आता त्यांनी माज्याकडं बघू न्हाई, आन् मी त्यांच्याकडं. हितं पोरगी कुन्या तोंडानं धाडू?"

तो शनिवार आला तेव्हा इंदूताईंच्या वर्गात बसायला चारच मुलं होती. त्या वर्ग न घेता मला म्हणाल्या, चला, अण्णासाहेबांकडे जाऊ. सरकारदरबारी त्यांचं वजन आहे, ते काही करतील. तो माल कुणाचा हे वाटेत मी त्यांना सांगू शकलो नाही, कारण मलाही तोवर ठाऊक नव्हतं.

अण्णासाहेब व्हरांड्यात बसले होते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला, वर्गाची चौकशी केली. इंदूताईंनी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले की तो माल बहुतेक त्यांचाच आहे. रंगूनहून यंदा त्यांनीच सगळ्यात जास्त उचलला होता. सांगताना त्यांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती आणि लाजही नव्हती. इंदूताई म्हणाल्या, तुम्हाला माहीत होतं आमचा गाव थांबला आहे?

"ताई, औंढ्याचं नाव मी या संदर्भात आत्ताच ऐकतो आहे," अण्णासाहेब म्हणाले. "भाव का चढतो ते तुम्ही मुलांना शिकवलंत. तो का पडतो हे मला धंद्यासाठी ठाऊक असावं लागतं. दोन्ही एकाच शास्त्रात येतं ना?"

मी त्यांच्या जागी एखादा कपटी माणूस कल्पून पुष्कळदा पाहिला आहे. तसा असता तर बरं झालं असतं. रागाला बसायला जागा मिळाली असती. पण त्यांनी आमच्या गावाचं वाईट चिंतलंच नव्हतं. त्यांच्या हिशेबात आमचा गाव नव्हता. एका हाताने मुलांना तराजू दिला, दुसऱ्या हाताने पोती उतरवली, आणि या हाताचं त्या हाताला कळायचं काही कारणच पडलं नाही. निघताना ते म्हणाले की वर्ग बंद करू नका, देणगी थांबणार नाही, फक्त काटकसरीवर भर द्या.

इंदूताई फाटकाबाहेर आल्या आणि म्हणाल्या की यांच्या पैशावर मी यापुढे शिकवणार नाही. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि लगेच भीतीही वाटली. मी म्हटलं, नका शिकवू, पण एकदा गावात येऊन सांगा की हे असं का झालं. रंगून कुठे आहे ते नकाशावर दाखवा. निदान तुळसाच्या घरी या. त्या म्हणाल्या, येते, पुढच्या शनिवारी नक्की येते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं.

पुढच्या शनिवारी मी स्टेशनावर गेलो. लोकल आली, माणसं उतरली, त्यांत त्या नव्हत्या. मी निरोप पाठवला, उत्तर आलं नाही. पुढे कळलं की त्यांचं लग्न ठरलं, त्या नागपूरला गेल्या आणि तिथल्या कॉलेजात शिकवू लागल्या. फार छान शिकवतात असं ऐकतो. विनावेतन काम करणाऱ्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असा रिवाज आहे, आणि मी तो पाळत आलो. पण त्यांच्याकडे परतीचं तिकीट होतं, ही गोष्ट मी विसरू शकलो नाही. त्यांचा धडा अर्ध्यावर सुटला तेव्हा त्या पुण्याला होत्या. आम्ही त्या अर्ध्या धड्यात राहत होतो.

मी माझ्या परीने प्रयत्न केला. नकाशा काखेत मारून हरिभाऊंकडे दोनदा गेलो. पहिल्यांदा ते रानात आहेत म्हणून सांगण्यात आलं, आणि ते आत खोकताना मला ऐकू आले. दुसऱ्यांदा भेटले, पाणी दिलं, पण भाताचा विषय काढला की हात जोडून म्हणाले, "आता पुरं, मास्तर." वर्षाच्या आत तुळसाचं लग्न झालं.

देणगी येत राहिली. शाळा-कमिटीला ती नको म्हणणं परवडणारं नव्हतं. त्या पैशातून काटकसरीवर निबंधस्पर्धा सुरू झाली. पहिल्या बक्षीससमारंभाला अण्णासाहेब स्वतः येणार म्हणून शाळेला आतून बाहेरून चुना लावला. गेरू चिवट असतो. दोन हात मारले तरी लालसर दिसत होता, तेव्हा कमिटीने तिसरा हात मारून घेतला. ज्या मुलाला पहिलं बक्षीस मिळालं त्याने लिहिलं होतं की माणसाने धान्य जपून वापरावं. त्याच्या घरात त्या वर्षी धान्य नव्हतं.

पुढे लढाई सुरू झाली. रंगून जपान्यांच्या हाती पडलं आणि तिकडचा तांदूळ एका झटक्यात बंद झाला. दर इतका चढला की भिंतीवर काढायचा म्हटला तर कौलं फोडून वर न्यावा लागला असता. आता गावाला भात धरून ठेवता आलं असतं, तर सरकारी लेव्हीचे अंमलदार आले आणि सरकारने ठरवलेल्या दराने खळ्यावरूनच घेऊन गेले. औंढ्याने या वेळी कुणाला काही विचारलं नाही. शिकण्यावरचा विश्वास एकदा उडाला की माणसं सोसणं पत्करतात.

त्या दिवसांत लोणावळ्याच्या बाजारात रेशनच्या रांगेत मी उभा होतो. पुढची बाई सारखी मागे वळून बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "वळाकलं न्हाई व्हय मास्तर? मी तुळसा." तुंगार्लीला कुठल्याशा बंगल्यात नवरा माळी होता, ती भांडी घासायची. हात पार फाटले होते. हरिभाऊ आदल्या पावसाळ्यात गेले, असं तिने सांगितलं. मी दोन शब्द बोललो. रांग हलत नव्हती.

"मास्तर, एक इचारायचं व्हतं. लय दिसापास्नं मनात हाय," ती म्हणाली. "ती रेघ मी कुटं चुकवली व्हती?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी तिला म्हटलं, तू कुठेच चुकली नव्हतीस. रंगून कुठे आहे, तिथे तांदूळ का स्वस्त पडला, बोटीतून तो मुंबईला कसा आला, तिथून वाघिणीने लोणावळ्याला कसा पोचला, दर का पडला, सगळं तिथे रांगेत उभ्या उभ्या सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. शाळेतला एक तास पुष्कळ झाला असता. ती पूर्वी फळ्याकडे बघायची तशीच माझ्याकडे बघत ऐकत होती, आणि सगळं तिला पहिल्याच खेपेला समजलं.

"म्हंजी रेघ बराबर व्हती," ती म्हणाली.

मी म्हटलं, "अगदी बरोबर होती."

तिने मान हलवली. रांग हलली, तिने पिशवी उचलली आणि एक पाऊल पुढे गेली. मग मागे न वळता म्हणाली, "आबाला कुनी सांगितलं न्हाई, मास्तर. मरस्तवर त्यो मला त्याच्यावरनंच बोलत व्हता."